डोक्यावर ठेवलेला हात

मंगळवार, ४ फेब्रुवारी

फुंकरराव,

'प्रिय' लिहीत नाही. मागच्या दोन पत्रांत लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. म्हटलं, त्या शब्दाचाच पायगुण असेल. फोनवर तर तू 'इथे रेंज नाही गं' म्हणतोस आणि नेमकं तेवढंच वाक्य खणखणीत ऐकू येतं. म्हणून पुन्हा कागद. या वेळी पत्ता भावजींकडून घेतला. तुझा सख्खा भाऊ, पण पत्ता द्यायला असे का कू करत होते, जशी मी तुला पकडायला पोलीस घेऊन निघालेय.

पत्र कामाचं आहे. बाकी काही मनात आणू नकोस.

काल हॉटेलच्या मालकांनी आम्हा तिघांना बोलावून घेतलं. आल्या आल्या चहा मागवला. वाईट बातमी आहे हे मी तेव्हाच ओळखलं, एरवी तो माणूस पाणीसुद्धा विचारत नाही. म्हणाले, "बाई, तुम्ही लोक वाजवता चांगलं. पण प्रत्येक गाण्यात मधेच कुणीतरी गेल्यासारखी शांतता पडते. गिऱ्हाईक चमचा खाली ठेवून इकडेतिकडे बघायला लागतं. काय आहे काय ते?"

ते म्हणजे तू आहेस. तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. शनिवारी आम्ही तेच वाजवतो, त्याच क्रमानं. आधी सगळ्यांनी मिळून मुखडा, मग मास्तरांची पियानोवर एक फेरी, मग तुझी. तुझी फेरी आली की मास्तर दोन्ही हात मांडीवर ठेवतात. भावजी काठ्या बाजूला ठेवून नुसत्या ब्रशनं ड्रमवरची धूळ पुसल्यासारखं करतात. आणि मी खाली बासवर एकेक सूर टाकत चालत राहते, तू वर वाजवतोयस असं धरून. फेरी संपली की सगळे मुखड्यावर. आम्ही हे ठरवून केलं नाही. तू तिकडच्या हॉटेलात वाजवायला गेल्यावरच्या पहिल्या शनिवारी तसं झालं आणि मग तसंच होत राहिलं.

मालकांना हे कसं सांगणार? मास्तरांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण या प्रश्नावर नकाशा बघितल्यासारखे भिंतीकडे बघत बसले. शेवटी मीच म्हटलं, "आमचा सॅक्सोफोनवाला बाहेरगावी आहे. येतोय." मालक म्हणाले, "येतोय म्हणजे कधी? मार्चच्या पहिल्या शनिवारी त्या रिकाम्या खुर्चीत माणूस दिसला पाहिजे. तो नाहीतर दुसरा कुणी. नसेल तर मी भिंतीला दोन स्पीकर लावतो. स्पीकर मधेच गप्प बसत नाहीत."

तर विचारायचं एवढंच. येतोयस का? हो किंवा नाही. दोन्हीपैकी एक लिहायला रेंज लागत नाही.

दुसरं म्हणजे, आपला सिनेमा परत लागतोय. आमच्या थिएटरात या शुक्रवारपासून. पोस्टर मीच चिकटवलं, ती लिफ्टवाली मुलगी आणि तो पियानो जुळवणारा, दोघं आरशात एकमेकांना चोरून बघताहेत ते. मागच्या खेपेला लागला होता तेव्हा तू रोज तिकीट खिडकीशी यायचास, सॅक्सोफोनची पेटी पोटाशी धरून. आणि रोज मध्यंतरानंतर थोड्या वेळानं उठून बाहेर. शेवटी मी न राहवून विचारलं, "अहो, तिकीट काढता आणि अर्ध्यातून जाता, पोटाचा काही त्रास आहे का?" तू म्हणालास, "मी त्या एका तुकड्यासाठी येतो. सॅक्सोफोन वाजून झाला की माझा सिनेमा संपला. शेवटी काय, दोघं भेटतात किंवा भेटत नाहीत." मी म्हटलं, "मला मात्र शेवट रोज बघावा लागतो. हॉल झाडायचा असतो." तू हसलास. आपलं सगळं तिथून सुरू झालं.

थोरली बरी आहे. थंडीनं तिचा आवाज जरा घोगरा झालाय. भाड्यानं आणलेल्या गाडीत चढवताना भावजींनी तिला दारावर आपटलं, मी त्यांना आपटायचीच बाकी होते.

उत्तर दे.

धाकटी

(विसरला असशील म्हणून: बासचं नाव तूच 'थोरली' ठेवलंस आणि माझं 'धाकटी'. दोघी एका घरात भांडण न करता नांदतो हे तू लोकांना फुशारकीनं सांगायचास.)


रविवार, ९ फेब्रुवारी

फुंकरराव,

मागचं पत्र अजून वाटेत असेल. तरी लिहितेय, कारण सिनेमा बघितला आणि सांगायला दुसरं कुणी नाही. मास्तरांना प्रेमाचे सिनेमे बघून झोप येते. भावजी आले होते, पण मध्येच उठून गेले. तुम्हा भावांना शेवटाचं काय वावडं आहे देव जाणे.

तो लिफ्ट अडकते तो प्रसंग. मला वाटलं होतं इतक्या वर्षांनी साधा वाटेल. नाही रे. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट थांबते, दिवा जातो, दोघंही काही बोलत नाहीत. आणि मागे फक्त बास. एकच माणूस, चार तारा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हा कसला आवाज हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मला वाटलं, त्या मुलीच्याच छातीतून येतोय. त्या वाजवणाऱ्याचं नाव पडद्यावर कुठेच येत नाही. संगीतकाराचं येतं, कपडेवाल्याचं येतं, लिफ्ट ज्यांनी उसनी दिली त्या कंपनीचंसुद्धा येतं. त्याचं नाही. आणि मी त्याच्यामुळे बास शिकले. तू म्हणायचास, "बासवाल्याचं असंच असतं. तो वाजवत असतो तोवर कुणाला दिसत नाही. थांबला की सगळे विचारतात, काय झालं?" तेव्हा कौतुक वाटलं होतं.

आता तू कधीच न बघितलेला शेवट सांगते. ऐकायचा नसेल तर पुढचा परिच्छेद सोड.

हॉटेलात नवी लिफ्ट येते, बटणावर चालणारी. मुलीची नोकरी जाते. तो पियानो जुळवायला ठरल्या दिवशी येतो, लिफ्टचं दार आपोआप उघडतं, आत कुणी नाही. तो आत जातो आणि मधे उभा राहत नाही. एका कोपऱ्याला सरकतो, तिची उभी राहायची जागा तशीच मोकळी ठेवतो, आणि बटण दाबतो. दार बंद. संपला सिनेमा. मी खिडकी बंद करून मागच्या रांगेत उभी होते, आणि मला हुंदकाच फुटला. पुढच्या खुर्चीतल्या बाईंनी रुमाल दिला. मी म्हटलं, सर्दी आहे.

घरी येऊन रेकॉर्डी लावल्या. सगळी मंडळी बोलावली. आधी आपले काका, ट्रंपेटवाले. तेच ते, गाल फुगवून हसतात आणि हसता हसता असं काही वाजवतात की आपलं हसणं बंद होतं. मग मौनीबाबा पियानोवाले. ते एक सूर लावतात आणि पुढचा लावायचा की नाही यावर विचार करत बसतात. आई गं, काय ती हिंमत! मी वाजवताना रिकामी जागा दिसली की घाबरून भरून टाकते. मौनीबाबा त्या जागेत पाय पसरून बसतात. आणि शेवटी गाणारी मावशी. मावशी नेहमीसारखी उशिरा आली. बँड सगळा पुढे निघून जातो आणि ही मागून, पदर सावरत, कुणाची माफी न मागता. पण रिकाम्या हातानं कधी येत नाही. तिचं ते एक वाक्य, 'मी दार लोटलंय, कडी लावली नाही' या अर्थाचं, ते ती प्रत्येक वेळी नव्यानं तुटून म्हणते. आवाज फाटलेला, श्वास अपुरा. तू म्हणायचास, "चांगला आवाज असता तर हे जमलं नसतं तिला." रेकॉर्ड संपली तरी मी सुई उचलली नाही, नुसती खरखर ऐकत बसले.

शेजारच्या बाई, तुझा भाऊ, माझी बहीण, सगळे मला आडून आडून विचारतात, कशाच्या जोरावर थांबलीयस? मी काही सांगत नाही. हसतील. तुला सांगायला काय हरकत आहे, तुला तर माहीतच आहे.

बँडमध्ये वाजवताना बोलता येत नाही म्हणून आपण खुणेनं बोलतो. डोक्यावर तळहात ठेवला, की जिथे असाल तिथून मुखड्यावर परत या. कुणी चुकलं असो, कुणी भरकटलं असो. ही खूण तू घरातही आणलीस. भांडण रंगात आलं, मी भांडी आपटायला लागले, की तू काही न बोलता डोक्यावर हात ठेवून दारात उभा राहायचास. मग मी काय करणार कपाळ! तोंडातलं वाक्य गिळून नव्यानं चहा टाकायचे, आणि तू बाहेरून आल्यासारखा विचारायचास, "काय, कसा गेला दिवस?" पहिल्यापासून सुरू.

तू गेलास त्या दिवशी आपण सकाळपासून भांडत होतो. कशावरून ते लिहीत नाही. विमानतळाच्या बसपाशी मी तोंड फिरवून उभी होते. बस सुटली आणि मी बघितलं. काचेमागे तू, माझ्याकडे बघत, आणि तुझा हात डोक्यावर. अख्खा तळहात. एकदा नाही, पुन्हापुन्हा.

त्याच्या जोरावर थांबलेय. मुखड्यावर परत यायचं म्हणालायस ना? मग ये.

धाकटी


रविवार, १६ फेब्रुवारी

फुंकरराव,

पोस्टमनला मी आता इतकी ओळखीची झालेय की तो लांबूनच मान हलवतो. नाही म्हणून.

इकडे तुझ्या भावानं उद्योग करून ठेवलाय. काल वाजवण्याआधी एका मुलीला घेऊन आले. दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे, सॅक्सोफोन वाजवते. भावजींच्या चष्म्याच्या दुकानात चष्मा करायला आली, गळ्यात वाद्याचा पट्टा दिसला, आणि झालं, यांनी लगेच आमंत्रण दिलं. मी तिला बस म्हटलं, पाणी दिलं. तिनं एक गाणं वाजवून दाखवलं. मास्तर पाठ झालेला धडा ऐकल्यासारखी मान डोलवत होते. फितूर!

ती गेल्यावर मी भावजींना म्हटलं, "तुम्हाला एवढी कसली घाई झालीये? भाऊ येणार आहे तुमचा."

"वहिनी, मालकांनी तारीख दिलीये."

"त्याच्या आत येईल."

"त्यानं तसं कळवलंय का तुला?"

मग माझी जीभ घसरली. जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते बसचं, काचेचं, डोक्यावरच्या हाताचं सगळं सांगून टाकलं. आवाज चढवूनच. म्हटलं, "तुम्ही बॅगा चढवत होतात, तुम्हाला दिसलं नाही. मला दिसलं. त्यानं खूण केली."

मला वाटलं भावजी हसतील, नाहीतर वाद घालतील. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मलाच कसंतरी झालं. ब्रश हातात घेतले, खाली ठेवले, परत घेतले. मग म्हणाले, "वहिनी, तू दादाला हे लिहून विचारलंयस का? या खुणेचं?"

"लिहिलंय. मागच्याच पत्रात."

"बरं केलंस," म्हणाले. आणि तोंड धुवायला निघून गेले. वाजवायची वेळ झाली तरी बाहेर येईनात. मास्तरांना जाऊन आणावं लागलं.

तुझ्या फेरीत काल मी काय वाजवलं माहीत नाही. डोळे मिटले होते. मला वाटत होतं आता तू सूर धरशील, आता धरशील. एक म्हातारं जोडपं जेवायचं थांबून आमच्याकडे बघत होतं. मालक काउंटरवरून बोटांनी टकटक करत होते. बघू देत. टकटक करू देत. खुर्ची तुझी आहे आणि मी आहे तोवर तुझीच राहील. त्या मुलीचे दात कितीका पांढरे असेनात.

थिएटरात आपला सिनेमा अजून चालू आहे. गर्दी होतेय म्हणून वाढवला.

ये रे. भांडायचं असेल तर भांडायला ये.

धाकटी


मंगळवार, २५ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं.

तिकीट खिडकीतच उघडलं. समोर रांग होती. वाचलं आणि पुढच्या माणसाला विचारलं, "कितवी रांग?" त्यानं सांगितलं, मी तिकीट दिलं. असं सगळ्यांना दिलं. हात आपले काम करत होते. मग पाटी लावून आत गेले आणि झाडूच्या कोनाड्यात उभी राहून परत वाचलं.

"कुठल्या खुणेबद्दल लिहिलंयस ते लक्षात येत नाही. त्या बसचं दार बुटकं होतं, चढताना डोकं जोरात आपटलं होतं. तेच चोळत असेन. तू उगाच त्यावर काहीतरी रचत बसू नकोस."

टेंगूळ! मी इतके दिवस तुझ्या टेंगळावर संसार केला. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, मी टेंगळावरून गाठला. दुसऱ्या कुठल्या बाईनं हे केलं नसतं. कारकुनाच्या बायकोनं बघितलं असतं, म्हणाली असती, अगं बाई, लागलं वाटतं त्याला. दोन मिनिटं हळहळली असती आणि घरी जाऊन रडून मोकळी झाली असती. मी बँडमधली ना! मला डोकं दिसलं नाही, हात दिसला नाही, मला मुखडा दिसला.

मला आधी हसूच आलं. खरं सांगते, कोनाड्यात तोंड दाबून हसले. मग ते हसणं कुठे उलटलं कळलं नाही. रडण्याला आवाज असतो हे मी विसरले होते. साफसफाईवाल्या बाई धावत आल्या, त्यांना वाटलं मला विंचू चावला.

पुढचं मी वाचलंय. सगळं वाचलंय. तिथल्या हॉटेलात गाणारी ती, तिच्या घरी राहायला गेलास ते, आणि उन्हाळ्यात बाळ होणार आहे ते. म्हणून घटस्फोटाचे कागद लवकर करूया म्हणतोस. वर रेकॉर्डी निम्म्या पाठव म्हणून लिहिलंयस. काकांना घेऊन जा. मौनीबाबांना ने. मावशी मिळणार नाही. तिला मागायची तुझी लायकी नाही.

आणि 'लहान्याला सगळं माहीत आहे, त्याला विचार'. वा रे वा! बायकोला सांगायचं धाडस नाही, ते भावाच्या गळ्यात बांधलंस.

मी तशीच भावजींच्या दुकानात गेले. ते भिंगाला कड लावत होते. मला बघितलं आणि यंत्र बंद केलं. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "आलं पत्र?"

"कधीपासून माहीत होतं?"

"बरेच दिवस."

"आणि मला वेड्यासारखी वाजवत ठेवलंत?"

दुकानात एक गिऱ्हाईक चौकटी बघत होतं, ते हळूच बाहेर गेलं. भावजींनी चष्मा काढला आणि शर्टाला पुसत राहिले. म्हणाले, "दर शनिवारी ठरवून यायचो वहिनी. आज सांगायचंच. तू तारा जुळवत असायचीस. मग ती फेरी यायची, आणि तू जे वाजवायचीस ना… मी लहानपणापासून ड्रम वाजवतोय, तसं कुणाला वाजवताना ऐकलेलं नाही. ते मी कसं बंद करणार होतो? मी ब्रश धरायचो आणि म्हणायचो, पुढच्या शनिवारी."

मला वाटायचं ती जागा भावजी तुझ्यासाठी सोडतात. ते माझ्यासाठी सोडत होते.

त्यांना दोन शब्द बोलायचे म्हणून गेले होते, ते काही बोलता आले नाहीत. दुकानात दोन खुर्च्या आहेत, डोळे तपासायच्या. एकीवर ते बसले, एकीवर मी. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वरचं मोठं अक्षरसुद्धा मला दिसत नव्हतं.

येताना थिएटरात शेवटचा भाग चालू होता. दारातून बघितला. तो लिफ्टमध्ये शिरतो, कोपऱ्याला सरकतो, जागा ठेवतो. मला ओरडावंसं वाटलं, अरे बाबा, लिफ्ट रिकामी आहे! ती आता कुठेतरी दुसऱ्या कामावर गेली आहे, तिला तुझी जागाबिगा काही माहीत नाही. मधे उभा राहा की नीट. पण पडद्यावरच्या माणसाला सांगून काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी.

तुला शिव्या द्यायच्या होत्या. भरपूर येतात मला, तुला माहीत आहे. एकही सुचत नाहीये. मला तू हवा होतास. एवढंच आहे, आणि ते लिहायची लाजही वाटत नाही आता.

शनिवारी ती दातवाली मुलगी येणार आहे. भावजींनी विचारलं, मी हो म्हटलं.


रविवार, २ मार्च

कागद सोबत आहेत. जिथे जिथे फुली होती तिथे सही केली आहे. वकीलबाई चांगल्या आहेत, त्यांनी उगाच पाठीवर हात वगैरे फिरवला नाही.

काल संध्याकाळचं सांगते, कारण खुर्ची तुझी होती. तुला कळायला हवं.

मुलगी वेळेच्या आधी आली. दवाखान्यातून थेट, अंगाला औषधाचा वास. बसायच्या आधी खुर्ची रुमालानं पुसली. मला ते आवडलं नाही, पण खुर्चीवर खरंच धूळ होती. मुखडा वाजवला. मास्तरांची फेरी झाली. मग ती रिकामी फेरी आली. सवयीनं मास्तरांचे हात मांडीवर, सवयीनं भावजींनी काठ्या ठेवून ब्रश उचलले. आणि ती मुलगी आमच्याकडे बघायला लागली, वाजवू की नको? माझ्याकडे बघत होती. बाकीचे दोघंही माझ्याकडेच.

मी मान हलवली.

ती तुझ्यासारखं वाजवत नाही. तू पहिल्याच सुराला दार ढकलून आत यायचास. ती पाय पुसून येते. एका ठिकाणी अडखळली, तोच सूर पुन्हा घेतला, आणि मग त्याच अडखळण्याचं तिनं काहीतरी केलं, गोड, साधं. लोकांनी चमचे खाली ठेवले नाहीत. खात होते, बोलत होते, मधूनच एखादा मान डोलवत होता. असंच असायला हवं हॉटेलात. मालक काउंटरवर खूश.

आणि मी खाली चालत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या रिकाम्या फेरीत मी जे वाजवायचे ते आता कधी वाजवता येणार नाही. तिथे आता माणूस आहे. त्याच्याखाली जमीन धरून उभं राहायचं, एवढंच बासचं काम. तुझी फेरी गेली तशी माझीही गेली. तू तर आधीच गेला होतास रे, पण ती माझ्याकडे होती. दर शनिवारी थोडा वेळ मी तुला धरून असायचे. काल तेही सुटलं. रडू आलं ते तिथे, सगळ्यांसमोर. थांबता येत नव्हतं, दोन्ही हात गुंतलेले. नाक तसंच वाहत राहिलं.

गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या. मुलीला वाटलं मी तिच्या वाजवण्यानं रडतेय, ती बिचारी लाजली. मी तसंच समजू दिलं.

आवरताना तिनं पट्टा गुंडाळत सहज विचारलं, "याआधी इथे सॅक्सोफोन कोण वाजवायचं?"

मास्तर वह्या गोळा करू लागले. भावजी झांजा पिशवीत घालत होते, त्यांचे हात थांबले. इतके दिवस कुणी विचारलं तर माझ्या तोंडात एकच उत्तर असायचं, माझा नवरा, येतोय. ते आलंही होतं जिभेवर. मग मी भावजींकडे बोट दाखवून म्हटलं, "ह्यांचे भाऊ."

"अच्छा," ती म्हणाली. आणि मग तिचा चेहरा बदलला. संध्याकाळभर तिनं भावजींना मला वहिनी म्हणताना ऐकलं होतं. हिशोब तिचा तिनं केला. कानापर्यंत लाल झाली. "सॉरी, म्हणजे ते… तुमचे…"

मला वाटलं, आता भावजी मला काय म्हणतील? यापुढे काय म्हणायचं असतं? नवरा नाही तर दीर कुठला! हा विचार मला तोवर शिवलाच नव्हता, आणि तो आला तेव्हा पायाखालची फरशी गेल्यासारखी वाटली.

भावजींनी झांजेच्या पिशवीची चेन लावली. माझ्याकडे बघितलं नाही, तुझं नावही घेतलं नाही. मुलीला म्हणाले, "वहिनी आहे माझी. भाऊ कुठे का असेना." आणि थोरलीला खांद्यावर घेऊन जिन्याकडे निघाले. मागून ओरडले, "चल ना वहिनी, गाडीवाला थांबलाय."

वकीलबाईंना मी आज मुद्दाम फोन करून विचारलं. सासरच्या माणसांचं कागदांत काय लिहायचं असतं? त्या म्हणाल्या, काही नाही, ती नाती आपोआप संपतात. मी म्हटलं, आपोआप कशी संपतील? तापात माझ्या उशाशी बसलेत भावजी. माझ्यासाठी खरं पोटात ठेवलंय, आणि त्यापायी माझ्याआधी ते रडलेत.

तर वाटणीत एवढं माझ्याकडे राहू दे. भावजी मी ठेवून घेतेय. त्याला तुझी सही लागत नाही.

बाळाला नीट धर. मान सांभाळायची असते.

तुझ्या भावाची
वहिनी